अ‍ॅफिलिएट टीमला साथ द्यायची कशी: मोठा ग्रुप की एकेकाला फोन?

अ‍ॅफिलिएट म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या दुकानातल्या वस्तूंच्या लिंक लेखात देऊन, त्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन कमावणारा. अशांची टीम सांभाळणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून तिथेच शिकवायचं आणि शाबासकी द्यायची, किंवा दर आठवड्याला प्रत्येकाला फोन करून त्याचा क्लिक आणि ऑर्डरचा रिपोर्ट सोबत उघडायचा. निवड करण्याआधी पैसे कधी हातात येतात ते बघा. अ‍ॅमेझॉनचं कमिशन महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी मिळतं, म्हणजे ५ जूनच्या विक्रीचे पैसे ऑगस्टअखेर. त्यात ज्याचं स्वतःचं नवं खातं आहे, त्याला पहिल्या १८० दिवसांत ३ पात्र (अ‍ॅमेझॉनने मान्य केलेल्या) विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. नवा माणूस खचतो तो याच काळात.

ग्रुपचा उपयोग निरोपापुरता उत्तम. सेलच्या तारखा, बदललेले नियम, 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं' हे पोस्टसोबत द्यायचं वाक्य, असं सगळं पन्नास जणांना एका मिनिटात पोचतं. पण ज्याची एकही ऑर्डर आलेली नाही, तो तिथे तोंड उघडत नाही. वरून कोणी कमाईचा स्क्रीनशॉट टाकला की तो आणखीच गप्प होतो. असे स्क्रीनशॉट ग्रुपवर नकोतच.

फोनला वेळ लागतो: ८ जण, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे आठवड्याला २ तास ४० मिनिटं. तो वसूल होतो, कारण अडचण नेमकी सापडते. समजा, एकीने मिक्सरवर लेख लिहिला. तिच्या ट्रॅकिंग आयडीवर, म्हणजे लिंकमधल्या तिच्या ओळखीच्या कोडवर, १८० क्लिक आणि ऑर्डर शून्य. लोक लिंक दाबतायत, म्हणजे लेख बरा आहे. मग फोनवरच तिला लिंक उघडायला सांगा: वस्तू स्टॉकमध्ये आहे का, लेखातली किंमत आणि पानावरची किंमत जुळते का, आणि लेखात सांगितलेलं ७५० वॅटचंच मॉडेल उघडतंय का. क्लिकच ९ असतील तर दुखणं वेगळं, तिथे विषय आणि वाचक बदलायला हवेत. आणि ती शंभर लोकांनी लिंक दाबल्याचं सांगत असेल, पण रिपोर्टमध्ये काहीच नसेल, तर बहुधा खरेदीच्या अ‍ॅपमधलं साधं शेअर बटण दाबून लिंक घेतलेली असते. त्या लिंकमध्ये आपला टॅग, म्हणजे तोच ओळखीचा कोड, नसतो. ही चूक ग्रुपवर महिनोन्‌महिने लपून राहते.

'छान चाललंय, लगे रहो' म्हणण्यापेक्षा 'तुझ्या लेखातला जारच्या आकाराचा तक्ता चांगला जमलाय, पुढच्या लेखातही ठेव' हे सांगितलेलं माणसाच्या जास्त लक्षात राहतं.

बक्षिसातही हाच पेच आहे. विक्रीच्या आकड्यावर रोख बक्षीस लावलं की माणसं घरच्यांना स्वतःच्या लिंकवरून खरेदी करायला लावतात. अ‍ॅमेझॉनला ते चालत नाही. कमिशन जातं आणि खात्यावरही गदा येते. शिवाय माल परत आला की कमिशन वजा होतं, आणि आधीच दिलेलं बक्षीस परत मागताना संबंध बिघडतात. कामावर बक्षीस ठेवा, पण लिंकांची संख्या मोजू नका, नाहीतर स्पॅमचा पूर येईल. आठवड्याला एक पूर्ण लेख किंवा जुन्या ५ लेखांतल्या किमती आणि लिंक तपासून दुरुस्त करणं, एवढं पुरे.

आमचं मत असं: ८ जणांपर्यंत फोनच. त्याहून मोठी टीम असेल तर निरोपांना ग्रुप, पहिल्या ९० दिवसांतल्या नव्यांना दर आठवड्याला फोन आणि जुन्यांना महिन्यातून एकदा. तेही जमेनासं झालं की अनुभवी सदस्याकडे तिघे-तिघे सोपवा आणि त्या वेळेचे त्याला ठरावीक पैसे द्या. नवी माणसं आणल्याबद्दल पैसे मात्र देऊ नका. तसं केलं की त्याचं लक्ष शिकवण्यावरून भरतीवर जातं, आणि धंदा पिरॅमिड योजनेकडे घसरतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी अशा योजनांना बंदी घातलेली आहे.