हायलक्सचं मागचं डिफ लॉक: नदीकाठावर कामाला येतं का?

माझा धंदा पाण्याच्या मोटारींचा. रिवाइंडिंग, बेअरिंग, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या मोटारी वर काढणं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी तिथवर यायच्या कितीतरी आधी प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे पट्ट्यातले शेतकरी फोन करायला लागतात, कारण काठावरची मोटार त्याआधीच बुडते. 2019 आणि 2021 चा पूर बघितल्यावर तर कुणीच थांबत नाही. म्हणून टोयोटा हायलक्स पिकअपच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक डिफ लॉकबद्दल (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं डिफ्रन्शियल लॉक) लिहितोय ते या एका कामाच्या हिशेबानं: पावसात भिजलेल्या पाणंदीतून काठापर्यंत जायचं आणि हौद्यात मोटार घालून परत यायचं.

गाडी 2.8 लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, 500 न्यूटन मीटर टॉर्क. पण काळ्या रानात नुसत्या टॉर्कनं काही होत नाही. साधं डिफ्रन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक गाळात गेलं की ते जेवढा जोर पेलतं तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाला मिळतो. म्हणजे एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. फोर बाय फोर घातलं तरी पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरकी जोडी फिरत बसू शकते. त्यात पिकअप रिकामी असली की मागची बाजू हलकी, मागच्या चाकांना पकड आणखी कमी. जाताना हौदा रिकामा असतो, त्यामुळं काठाकडं उतरतानाच जास्त जपावं लागतं.

ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडं वळवतं. मुरमाड चढावर ते पुरतं. पण त्याला आधी चाक फिरावं लागतं, आणि आमच्याकडच्या मातीत चाक फिरलं की खड्डा झालाच. लॉकचं तसं नाही. बटण दाबलं की डिफ्रन्शियलवरची छोटी मोटर आतला फोर्क सरकवते आणि दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडं जाणारे दांडे) एकजीव होतात. मग एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं.

मात्र बटण दाबलं की लगेच लॉक बसतं असं नाही. डॅशबोर्डवरचा दिवा आधी लुकलुकतो, दात जुळले की स्थिर होतो. लुकलुकत राहिला तर गाडी अगदी हळू पुढं सरकवत स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायचं. चाक फिरत असताना बटण कधीही दाबू नये. मी पाणंद सुरू व्हायच्या आधी, घट्ट जमिनीवरच थांबतो, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा गिअर) घालतो, बटण दाबतो, दिवा स्थिर होईपर्यंत वाट बघतो. चिखलीच्या एका मामांनी विचारलं होतं, "पावणं, थांबलाय कशाला? ट्रॅक्टर बोलवू का?" म्हटलं, "मामा, रुतायच्या आधीच थांबलोय." लॉकचा खरा फायदा इथंच आहे. एक्सल टेकल्यावर बटण दाबून काही होत नाही, तिथं ट्रॅक्टरच लागतो.

लॉक घातल्यावर गाडी सरळ जायला बघते. स्टिअरिंग जड होतं आणि बांधाच्या कोपऱ्यावर वळायला दुप्पट जागा लागते. गाडी सव्वापाच मीटरपेक्षा लांब, त्यामुळं उसाच्या दोन फडांमधली पाणंद वळली की हे फार जाणवतं. वळणापुरतं लॉक काढायचं, पुन्हा घालायचं. वेग ताशी 8 किलोमीटरच्या आत. डांबरी रस्त्यावर अजिबात नको. टायर घासतात आणि हाफ शाफ्टवर विनाकारण ताण येतो.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं ते तिरक्या काठाबद्दल. नदीच्या बाजूला उतार असेल आणि गाडी आडवी चालली असेल, तर लॉक काढूनच ठेवा. लॉक नसताना एक चाक फिरतं, दुसरं गाडीचा मागचा भाग धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट उताराकडं, म्हणजे पाण्याकडं घसरतं. लॉक फक्त सरळ चढाला आणि सरळ उताराला.

महिंद्राच्या काही गाड्यांत मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल मिळतं. त्याला बटण नसतं. चाकांच्या वेगात फरक पडला की ते आपोआप बसतं. डोक्याला ताप कमी, पण कधी बसणार हे आपल्या हातात नाही. मला काठावर तो निर्णय माझ्याकडं हवा, म्हणून मी बटणच पसंत करेन.

टायरकडं मात्र बघा. खाचा गाळानं भरल्या की लॉक दोन्ही गुळगुळीत चाकं एकत्र फिरवतं, एवढंच. मी ऑल टेरेन टायर घातले, तेव्हा लॉकचं खरं काम दिसलं.

घरचा ट्रॅक्टर असेल तर नुसत्या लॉकसाठी एवढी महाग गाडी घेऊ नका, साधी पिकअप पुरते. पण नदी वाढताना गावातले सगळे ट्रॅक्टर गुंतलेले असतात, आणि मोटार बुडाली की अख्खं वाइंडिंग जातं. माझ्यासारख्याला हे बटण परवडतं.

उन्हाळ्यात लॉक तसंच पडून राहतं. मी महिन्यातून एकदा मातीच्या मोकळ्या जागेत बटण दाबून, थोडं सरळ चालवून दिवा नीट स्थिर होतोय का बघतो. पावसाळा संपला की डिफ्रन्शियलचं तेल काढून बघायचं. दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला.