उर्दू की हिब्रू, आधी कुठली लिपी शिकावी?

काना-मात्रा-वेलांटी जवळजवळ न देता लिहितात अशी एखादी लिपी शिकायची म्हटलं की मुंबईत गाडी शेवटी या दोघींवर येते. मी दोन्ही शिकलो, आधी हिब्रू मग उर्दू, आणि क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

अक्षरओळखीत हिब्रू सोपी, वादच नाही. २२ अक्षरं, सुटी सुटी, त्यातल्या पाचांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं तेवढंच. पंधरा दिवसांत हातात बसली. उर्दूत अक्षरं एकमेकांना चिकटतात, नस्तालीक म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणात शब्द तिरका खाली उतरतो, कुठला नुक्ता म्हणजे ठिपका कोणाचा ते कळत नाही, त्यात 'झ'सारख्या एकाच उच्चाराला जे, जाल, ज्वाद, जोय अशी चार अक्षरं. मला दोन महिने लागले.

पण माझं घोडं अडलं ते वेगळीकडेच. हिब्रूत स्वरांच्या खुणा मुलांच्या आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत देतात, पेपरात नाही. सामेख-पे-रेश ही तीन अक्षरं दिसली की ते सेफेर म्हणजे पुस्तक, सापार म्हणजे न्हावी, की साफार म्हणजे मोजलं, हे वाक्यावरून ठरवायचं, आणि वाक्य कळायला आधी भाषा यायला हवी. अक्षर न् अक्षर ओळखता यायचं आणि शब्द काही तोंडातून निघायचा नाही, रोज रात्री जेवल्यावर तासभर हेच, फार चीड यायची.

उर्दूतही ऱ्हस्व स्वर गाळतातच. इस आणि उस सारखंच लिहितात, कल आणि कुल पण. पण हिंदी आपल्या कानात लहानपणापासून आहे ना, ती मदतीला येते. भेंडीबाजारात एका पाटीवर मीम, सीन, अलिफ, फे, रे असं एकेक जोडत गेलो, लिहिलंय तेवढंच धरलं तर मसाफर, पण पुढे खाना दिसलं आणि तोंडातून आपोआप मुसाफिरखाना आलं. तिथेच फुटपाथवर उभं राहून ती पाटी चार वेळा वाचली, इतका आनंद झाला.

बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं जुनं काही वाचायचं असेल तर मात्र हिब्रूच घ्या, १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे त्यांच्या वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीत, हिब्रूच्या जोडीला मराठी आहे, म्हणजे अडलं की तिकडे बघता येतं. बाकी कोणी विचारलं तर मी उर्दू म्हणेन, फक्त सुरुवातीला जेर-जबर-पेश म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा दिलेलं मुलांचं पुस्तक घ्या, पाट्यांना नंतर भिडा.