कॉर्नर कटर : आठ महिन्यांचा वापर आणि एका झाकणाचा छळ

कालपासून या यंत्राच्या झाकणाला रबरबँड लावलाय. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

कागदाचे टोकदार कोपरे गोल कापणारा, हाताने दाबायचा कॉर्नर कटर. बाकी माहिती खोक्यावर असतेच. मी घेतला तो मी स्वतः रचत असलेल्या व्यापाराच्या बोर्डगेमच्या प्रोटोटाइपसाठी, म्हणजे खेळून बघायच्या कच्च्या नमुन्यासाठी. १०८ पत्ते, ६३ बाय ८८ मिमी, ए-फोरच्या एका शीटवर नऊ. म्हणजे बारा शीट छापा, पट्टी धरून कापा आणि मग ४३२ कोपरे गोल करा. दर आवृत्तीला.

कापतो मात्र छान. टोकदार कोपरे चार वेळा पिसले की दुमडतात आणि मग ‘कान मोडलाय तो सोन्याचा पत्ता’ हे टेबलावर सगळ्यांना कळतं. अशा डावांवरून खेळाचा समतोल काय डोंबल जोखणार? गोल कोपऱ्यांनी ते थांबलं. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हे यंत्र घ्यायला सांगत होतो.

आता झाकण. कापलेले कपटे खालच्या कप्प्यात पडतात आणि त्याचं झाकण खटक्यावर बसतं. बसतं म्हणजे, बसायचं. तिसऱ्या महिन्यात खटका सैल झाला. कप्पा अर्धा भरला की झाकण आपसूक उघडतं आणि दीड-दोनशे पांढरे कपटे टेबलभर. हाताला चिकटतात, बाहीला चिकटतात, खेळाच्या डब्यात जातात.

एकदा ब्लाइंड टेस्ट चालली होती. नियमपुस्तिका खेळणाऱ्यांच्या हातात, मी कोपऱ्यात गप्प. बोलायचं नाही हाच तर त्या चाचणीचा नियम. भाची दोन फेऱ्या एका बंदराला वळसा घालून जहाज नेत होती. जवळचं बंदर सोडून लांबून का जातेय, मला कळेना. वहीत लिहिलं, ‘बंदराचं चिन्ह अस्पष्ट?’ डाव संपल्यावर विचारलं तर म्हणाली, “मामा, तिथे वादळ होतं ना!” बंदरावर एक पांढरा कपटा पडला होता. तिने त्याचा नियमही स्वतःच लावून घेतला होता.

कंपनीला फोटोसकट ईमेल केला. उत्तर आलं, कप्पा ‘वापराने झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. पातं झिजतं हे मान्य. कचरा ठेवून कप्पा कसा झिजतो? सुटा कप्पा विकत मिळतो का विचारलं, तर मिळत नाही. तिसऱ्या ईमेलनंतर त्यांनी नवं पातं पाठवलं. ते मी मागितलंच नव्हतं! जुनं पातं बोथट झालं तेव्हा अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी दहा-बारा वेळा कापली होती, तेवढ्याने त्याचं काम भागलं होतं.

पाचव्या महिन्यात माझं मतच बदललं, आणि त्यात झाकणाचा काही दोष नाही. पत्ते देखणे झाल्यापासून खेळणारे गुळमुळीत बोलू लागले. ‘छान आहे.’ ‘मजा आली.’ आधी हेच लोक पेनाने पत्त्यावरचा आकडा खोडून ‘हे फार महाग’ असं लिहायचे. मलाही नियम बदलायचं जिवावर येऊ लागलं, कारण एक पत्ता बदलायचा म्हणजे पुन्हा छापणं, कापणं, चार कोपरे. शेवटी जुन्याच पद्धतीवर आलो. स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या पारदर्शक प्लास्टिक पाकिटात जुना पत्ता, त्यावर साध्या कागदाची चिठ्ठी. बदल झाला की चिठ्ठी बदलायची. स्लीव्हमध्ये कोपरे दिसतात कुणाला?

मग यंत्र पडून आहे का? नाही. निधी गोळा करण्याच्या मोहिमेसाठी फोटो काढायचे होते आणि समीक्षकांना नमुने पाठवायचे होते, तिथे याने पैसे वसूल केले. कात्रीने गोल केलेला कोपरा क्लोजअपमध्ये लगेच उघडा पडतो. कारखान्यात साच्यानेच कोपरे कापले जातात. तिथे हे यंत्र उपयोगाचं नाही, तिथे छपाईच्या फाइलला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, आहे की नाही ते बघा.

तेव्हा नियम पक्के होईपर्यंत घेऊ नका. घेतलंत तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड कागदाचा) एकेकच पत्ता घाला, आणि दुकानातच झाकण पंधरा-वीस वेळा उघडझाप करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

वादळाचा नियम आता खेळात आहे, बंदरांची चढाओढ त्याने खरंच वाढली. टोकन लाकडी केलंय. भाची अजून कपटाच मागते.