कॉकटेल शेकर संच: दिवाळी ते मे वापरून, टोपणासकट

दिवाळीच्या सेलमध्ये हा संच घेतला होता. लिहायचं राहूनच गेलं होतं, पण परवा कस्टमर केअरने टोपणाबद्दलची माझी तक्रार परस्पर 'निकाली' काढली, म्हणून आता सगळंच लिहितो. संचात काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे: तीन भागांचा स्टीलचा शेकर (बर्फ घालून पेय हलवायचं भांडं), 30-60 मिलीचं दुतोंडी माप, पिळाचा लांब चमचा, गाळणी आणि एक स्टँड. स्टँड पहिल्या आठवड्यातच माळ्यावर गेला. बाराशेच्या आसपास किंमत. "एवढ्यात कुकर आला असता," हे घरातलं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

मी राहतो वरुडकडच्या एका गावात. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, बार म्हणावा असा जवळपास एकही नाही, आणि कॅम्पारी (कडवट इटालियन लिकर) किंवा व्हर्मुथ (वनस्पती घातलेली वाइन) हवं तर नागपूर गाठावं लागतं. एका बाटलीसाठी एवढे पैसे आणि वर एसटीचं तिकीट मी घालणार नाही. म्हणून हे दोन्ही लागणाऱ्या निग्रोनी कॉकटेलच्या वाटेला गेलोच नाही. तालुक्याच्या दुकानात मिळणारी रम, व्हिस्की, जिन आणि घरचं किंवा बाजारातलं बाकी सगळं, एवढ्यावर जुन्या नावाजलेल्या कॉकटेलांना आपलं करायचं, हा बेत होता.

डाकिरीपासून सुरुवात केली. क्युबातल्या लोखंडाच्या खाणींवर काम करणारा अमेरिकन इंजिनिअर जेनिंग्स कॉक्स याच्या नावावर ती सांगतात, 1898 च्या सुमाराची. त्याच्याही हाताशी रम, लिंबू आणि साखर एवढंच होतं, त्यामुळे आपल्याला लाजायचं कारण नाही. माझं प्रमाण: व्हाइट रम 60 मिली, कागदी लिंबाचा रस 20, साखरेचा पाक 20 (साखर आणि पाणी समसमान). दारू, आंबट, गोड असे हिचे तीन पाय. रमच्या जागी व्हिस्की घातली की व्हिस्की सावर होते, जिन घातली की जिन सावर. नवं काही करायचं तर एका वेळी एकच पाय बदला. दोन बदलले की बिघडलं कशाने ते कळत नाही आणि बाटली मात्र संपते.

मी आंबट पाय बदलायला घेतला, कारण आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हंगाम, चालू होता आणि फुटलेली, डागी संत्री घरात पडून होती. लिंबाऐवजी सरळ संत्र्याचा रस घातला की पेय मिळमिळीत होतं. लिंबाच्या रसात आम्ल साधारण सहा टक्के असतं, संत्र्याच्या रसात एक टक्काही नसतं. उपाय किराणा दुकानात आहे: लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. 100 मिली संत्रारसात सुमारे 5 ग्रॅम विरघळवलं की तो लिंबाइतका आंबट होतो, आणि चव संत्र्याचीच राहते. रसात मुळात गोडी असते, म्हणून पाक 20 ऐवजी 15. संध्याकाळी हे पेय केलं तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हे तर हॉटेलातल्यापेक्षा भारी झालं ना बाप्पा!" तो कुठल्या हॉटेलात जातो ते मी विचारलं नाही.

नागपुरी संत्र्याच्या रसाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. काढला की गोड असतो, पण काही तास ठेवला की कडू होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होतं, त्याचा हा परिणाम. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर आणखी कडू. म्हणून रस हाताने पिळायचा आणि लगेच वापरायचा. सकाळचा उरलेला किंचित कडसर रस मी व्हिस्की-सोड्यात ढकलतो, तिथे तो कडवटपणा खपतो, किंबहुना बराही लागतो.

इथपर्यंत मी या संचाला चार तारे देणार होतो.

आता टोपण.

शेकरचे तीन भाग: पेला, जाळीचं झाकण आणि त्यावर छोटं टोपण. या प्रकाराला कॉब्लर शेकर म्हणतात. अंगचीच गाळणी असलेल्या शेकरचं पेटंट ब्रुकलिनच्या एडवर्ड हाउकने 1884 मध्ये घेतलं. एवढी वर्षं झाली, आणि माझ्या शेकरचं टोपण एकदा बर्फ घालून हलवलं की निघत नाही. पाहुणे समोर बसलेले, आत डाकिरी तयार, आणि मी ओट्यावर टोपण ठोकतोय. "काहून ठोकून राह्यले तुमी ते? ओटा फुटंल," आतून आवाज. तोवर आत बर्फ वितळत राहतो. बारा-पंधरा सेकंद हलवलं की पेयात जवळपास चौथा हिस्सा पाणी मिसळतं, आणि ते हवंच असतं, त्याशिवाय दारूचा तिखटपणा उतरत नाही. पण वर पाच मिनिटं झटापट झाली की लिंबूपाणी उरतं. वाया गेलेल्या रमचा हिशेब मी ठेवला आहे, इथे देत नाही, घरचेही वाचतात.

हे का होतं? स्टील थंडीने आक्रसतं, हे एक. दुसरं म्हणजे आत कोंडलेली हवा गार होते आणि तिचा दाब उतरतो. दारू असल्यामुळे आतलं तापमान शून्याच्याही खाली जातं. आता आपला मे महिना घ्या. स्वयंपाकघरातली हवा 42 अंशांची, ती उणे तीनपर्यंत आली तर दाब साधारण 14 टक्क्यांनी पडतो. चार सेंटिमीटर रुंदीच्या टोपणावर म्हणजे जवळपास पावणेदोन किलोचा भार, आणि खालच्या मोठ्या झाकणावर सात-आठ किलोचा. डिसेंबरच्या थंडीत तो याच्या निम्म्यावर येतो. त्यामुळे दिवाळीत "थोडं घट्ट आहे" वाटलेलं टोपण उन्हाळ्यात असं बसतं की बाहेरची हवाच त्याला दाबून धरते. ज्याने हा शेकर तपासला त्याने तो एसीत बसून तपासला असणार, एरवी हे सुटलं नसतं.

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्यांदा सांगितलं की टोपण वॉरंटीत येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, दोषाचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. बर्फ घातला, हलवलं, भाच्याने मोबाइल धरला, आणि नेमकं त्याच वेळी टोपण अलगद निघालं. लाइट गेलेली होती, बर्फ आधीच अर्धा पाणी झालेला, पुरेसं गार झालंच नाही. त्यांचं उत्तर आलं: "उत्पादन व्यवस्थित कार्यरत आहे." मग म्हणाले, वस्तू परत पाठवा, पण तुमच्या पिनकोडवर पिकअप होत नाही, कुरिअर स्वखर्चाने करा. बाराशेच्या वस्तूला येण्या-जाण्याचं कुरिअर? मी फोन ठेवला.

मधल्या काळात या टोपणापायी माझी आवडच बदलली. फळांचा रस असलेलं पेय हलवायचं आणि नुसती दारू असलेलं ढवळायचं, हा बारमधला जुना नियम. ढवळायला टोपण लागत नाही. म्हणून मी ओल्ड फॅशन्डकडे वळलो. कॉकटेल म्हणजे दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क), अशी व्याख्या 1806 मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने छापली होती. ओल्ड फॅशन्ड म्हणजे जवळपास तेवढंच. साखरेच्या जागी मी मोहफुलांचा पाक घातला. वाळलेली मोहफुलं मेळघाटकडून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून घेतली. आतले केसर झटकून काढायचे, गरम पाण्यात भिजवायची, कुस्करून गाळायची आणि साखर घालून पाक करायचा. 60 मिली व्हिस्कीला एक चमचा पुरे. वास दांडगा असतो, दीड चमचा झाला की व्हिस्की गायब. मोहाची गावठी मात्र घालू नका. ती बेकायदा आहे, आणि आत काय असेल ते सांगता येत नाही.

बिटर्सचं काय? त्रिनिदादची ती प्रसिद्ध अँगोस्टुराची बाटली इथे मिळत नाही. संत्र्याची वाळलेली साल, काडेचिराईत, लवंग, दालचिनी व्होडकात पंधरवडाभर भिजवून मी आपलं काम भागवलं. दोन-तीन थेंबच घाला, काडेचिराईत फार कडू. बाटलीवर ठळक नाव लिहून ठेवा. आमच्याकडे आईने तिला खोकल्याचं औषध समजून उचललं होतं, वेळेवर थांबवली.

अंबाडीच्या लाल बोंडांचा पाक जिनमध्ये घालून वर लिंबू आणि सोडा, म्हणजे कॉलिन्स (जिन, लिंबू, साखर, सोडा) या जुन्या कॉकटेलच्या जातीतलं पेय: जिन 45, लिंबू 20, अंबाडीचा पाक 20, सोडा वरून. अंबाडी स्वतः आंबट असते, म्हणून लिंबू कॉलिन्समध्ये घालतात त्यापेक्षा कमी. रंग असा येतो की जिन न पिणारेही ग्लास मागतात. हेच जिन वगळून आर्वीच्या मेव्हण्याकडे केलं, कारण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे टोपण अजिबात अडकलं नाही. मेव्हणा म्हणाला, "भाऊ, तुमचं टोपण बी नियम पाळते."

मत थोडं बदललं ते एप्रिलअखेर. शेकर आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला, बर्फ घालून क्षणभर उघडाच राहू दिला आणि मग बंद केला, तर टोपण बरंच सैल राहतं. आतली हवा आधीच गार झालेली असते, दाब फार पडत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार शेकरच्या गळ्यावर पांढरा थर धरतो, तोही चिकटवतो. पिळलेल्या लिंबाच्या फोडीने घासला की जातो. कंपनीच्या पत्रकात यातलं एक अक्षर नाही. तिथे इंग्रजीत मार्टिनीचा फोटो आहे.

मापाबद्दल थोडक्यात: स्वयंपाकाच्या काट्यावर पाणी मोजलं तर काठोकाठ भरल्यावर 30 चं बरोबर भरतं, पण काठोकाठ भरून न सांडता ओतणं जमत नाही. खोकल्याच्या औषधाचं खुणांचं टोपण त्याहून बरं, फुकट आहे आणि अडकत नाही. चमचा उत्तम. गाळणी ठीक.

घ्यावा का? पाहुणे येतात, जाळीचं झाकण सोयीचं वाटतं आणि फ्रीजरमध्ये जागा आहे, तर घ्या. नाहीतर बाजारातून एकात एक बसणारे दोन स्टीलचे पेले आणा, एक मोठा, एक जरा लहान, ज्यांचा काठ जाड वळवलेला नाही असे. मोठे बार असेच दोन डबे वापरतात, त्याला बोस्टन शेकर म्हणतात. बाजूने चापट मारली की सुटतात. थोडं गळेल, खाली फडकं ठेवा.

मी तीन तारे देणार होतो. परवा पार्सल आलं. कुरिअरवाल्याने तालुक्याहूनच फोन केला, घेऊन जा म्हणाला. वीस किलोमीटर जाऊन आणलं. आत नवं टोपण होतं, वेगळ्या मॉडेलचं, अर्धा सेंटिमीटर मोठं, माझ्या शेकरवर बसतच नाही. त्याच संध्याकाळी मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया आम्हाला रेटिंग द्या. दिलं. दोन.