स्टेजची तयारी की वर्षभराचा व्यायाम? नोकरी-संसार सांभाळणाऱ्या नाशिककरासाठी तुलना

जिममध्ये तीन-चार वर्षं नेमाने गेली, खांदे भरले, पाठीला आकार आला, की कुणीतरी म्हणतंच, "आता एकदा शरीरसौष्ठव स्पर्धेच्या स्टेजवर उतर." सिडकोत असो, गंगापूर रोडला असो की नाशिकरोडला, हे वाक्य एकदा कानावर पडलं की डोक्यातून जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते नेमकं अशा वयात पडतं, जेव्हा अंबड-सातपूरच्या कंपनीत नोकरी कायम झालेली असते, लग्न झालेलं किंवा ठरलेलं असतं आणि आईवडिलांना दवाखान्यात न्यायला घरात दुसरं कुणी नसतं.

समोर दोन वाटा असतात. पहिली स्टेजची: स्पर्धेची तारीख धरायची, बारा ते वीस आठवडे काटेकोर आहार, रोजचं कार्डिओ (धावणं, सायकल असा दमाचा व्यायाम), पोझिंगचा म्हणजे स्टेजवर स्नायू दाखवण्याच्या ठरावीक ढबींचा सराव. दुसरी वर्षभराच्या व्यायामाची: आठवड्यातून तीन-चार दिवस मन लावून वजनं उचलायची, घरचंच खायचं आणि हे पुढची वीस-तीस वर्षं चालू ठेवायचं. मला दोन्हींबद्दल आदर आहे. दुसरी वाट निवडणाऱ्याला कुणी कच्चा गडी समजत असेल, तर त्याला व्यायाम कळलेला नाही.

माझा खरा विरोध तिसऱ्या अवस्थेला आहे. स्पर्धेत उतरायचं नसतं, तारीख ठरलेली नसते, पण जगणं मात्र बारा महिने स्पर्धकासारखं. भावाच्या हळदीत स्वतःचा डबा, मुलीच्या गॅदरिंगला गैरहजर कारण आज लेग डे, बायकोशी बोलताना डोळा घड्याळावर. स्पर्धकाची सगळी किंमत मोजायची आणि स्पर्धा मात्र करायची नाही. जिमला जाणाऱ्या कितीतरी मंडळींना मी या अवस्थेत वर्षानुवर्षं अडकलेलं पाहतो. त्यांनी या दोन वाटांपैकी एक निवडावी, यासाठीच ही तुलना.

आठवड्याचे तास

वर्षभराच्या वाटेचा हिशेब सोपा आहे. चार दिवस, दर वेळी सव्वा तास, म्हणजे पाच तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. चार दिवस वजनं उचलणारा माणूस गोदापार्कला किंवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर रोज वीस-पंचवीस मिनिटं झपाझप चालला, तर ही अट सहज पार करतो. आणि केवळ आरोग्यापुरतं नाही, स्नायू वाढवायलाही हे पुरतं. 2016 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून असं दिसलं, की प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यातून एकदा काम देण्यापेक्षा दोनदा दिलं तर वाढ जास्त होते. दोन दिवस वरचं शरीर आणि दोन दिवस पाय, एवढ्यात ते बसतं. सहा दिवस जिमला गेलंच पाहिजे, ही सक्ती शरीराची नाही, आपण स्वतःवर लादलेली आहे.

स्टेजच्या तयारीत पाच-सहा दिवसांचं वजन, रोजचं अर्धा-पाऊण तास कार्डिओ, पोझिंग आणि डबे तयार करणं हे सगळं धरलं, तर माझ्या हिशेबाने आठवड्याला पंधरा तासांच्या खाली काम होत नाही. पण तासांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. शेवटच्या महिन्यात उरलेल्या वेळातही अंगात त्राण नसतं. माणूस घरात असतो, पण मुलाबरोबर खेळायला उठवत नाही, कुणी दोन शब्द जास्त बोललं तर चिडचिड होते. घरच्यांना तास गेल्याचं फारसं दुःख नसतं, ही चिडचिड मात्र त्यांच्या लक्षात राहते.

स्वयंपाकघर

खरा फरक इथे पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

2018 च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार वजनं उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं मिळाली, की त्यापुढे स्नायूवाढीत सहसा फारशी भर पडत नाही. 75 किलोच्या माणसाला म्हणजे 120 ग्रॅम. हा आकडा ऐकून अनेक जण थेट व्हेचा, म्हणजे दुधापासूनच्या प्रथिन पावडरचा, डबा आणायला पळतात. आधी घरातलं ताट मोजा. चार अंडी 24 ग्रॅम, अर्धा लिटर दूध 16, शंभर ग्रॅम पनीर 18, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स 26, मटकीची उसळ, वरण आणि वाटीभर दही मिळून वीसेक, दोन-तीन बाजरीच्या भाकऱ्या दहा-बारा. झाले जवळपास 120. चिकन खाणाऱ्याला तर आणखी सोपं. शाकाहारी घरात अंडी चालत नसतील तर एक स्कूप व्हे घ्यावं, त्यात गैर काही नाही. मुद्दा असा, की हे सगळं घरातल्या एकाच कढईत, सगळ्यांबरोबर बसून होतं. रविवारी मित्रांबरोबर मिसळ खाल्ली तरी आठवड्याचं गणित कोसळत नाही.

स्टेजच्या आहारात हे चालत नाही. चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे असतील, तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्काच घट असावी, असं या क्षेत्रातले अभ्यासक सांगतात. 75 किलोच्या माणसाला आठ किलो उतरवायचे तर साधारण अकरा ते एकवीस आठवडे लागतात. एवढे आठवडे प्रत्येक घास वजनकाट्यावर. भात मोजून, तेल मोजून, वेगळं भांडं, वेगळी वेळ. हे वेगळं भांडं कोण चढवणार? बहुतेक घरांत आई किंवा बायको चढवते, आणि बक्षीस मिळालं तर फोटोत तिचं नाव नसतं. स्टेजवर जायचं असेल तर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला शिका. याला मी तयारीची पहिली अट मानतो, बेंच प्रेसच्याही आधीची.

पाळी आणि झोप

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांसाठी हा भाग निर्णायक आहे. दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर झोपेचं खोबरं होतं. अनेक जण तिसऱ्या पाळीहून सकाळी थेट जिमला येतात आणि त्याचं कौतुकही होतं. मला ते पाहवत नाही.

2010 मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोग झाला. त्याच माणसांना दोन वेळा, चौदा-चौदा दिवस, कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. एकदा झोपायला साडेआठ तास दिले, एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन साधारण तीन किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. बाकीची घट चरबीविरहित शरीरातून झाली, म्हणजे जे टिकवण्यासाठी आपण धडपडतो त्यातून. लोक कमी होते आणि ते व्यायामपटू नव्हते, तरी दिशा स्पष्ट आहे. तिसऱ्या पाळीत कटिंग करणारा, म्हणजे चरबी उतरवणारा माणूस दुप्पट कष्ट करून अर्धं मिळवतो. ज्याची पाळी तयारीच्या काळात स्थिर होऊ शकत नाही, त्याने त्या वर्षी स्टेजचा विचार सोडावा, असं मी स्पष्ट सांगेन.

वर्षभराच्या वाटेवर मात्र पाळी शत्रू राहत नाही. अलाबामा विद्यापीठातल्या 2011 च्या अभ्यासात लोकांनी सोळा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम केला. नंतर बत्तीस आठवडे काहींचा व्यायाम एक तृतीयांशावर आणला, काहींचा चक्क एक नवमांशावर. वीस ते पस्तीस वयाच्या गटात एवढ्याशा व्यायामावरही स्नायूंचं आकारमान टिकलं. साठीपुढच्या गटाला आकार टिकवायला ते पुरलं नाही, पण ताकद बऱ्यापैकी राहिली. ही गोष्ट मनात भिनली की निम्मी घालमेल संपते. कमावणं अवघड आहे, राखणं स्वस्त आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन आधी झोपा, दुपारी उठून जेवा आणि त्या आठवड्यात पूर्ण शरीराचा व्यायाम फक्त दोन दिवस करा. घरी आजारपण असेल, मुलाची दहावी असेल, तर महिनाभर एकाच दिवसावर या. काही गमावलं जात नाही.

स्टेज शरीराकडून काय घेतं

फोटोतलं ते शरीर दोन-चार दिवसांचं असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. 2013 मध्ये एका औषधमुक्त (स्टेरॉइड न घेणाऱ्या) अमेरिकन स्पर्धकाची वर्षभराची नोंद प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5 वर आली. त्याच काळात टेस्टोस्टेरॉन सुमारे चौथाईवर घसरलं, विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर आले, मन अस्वस्थ झालं. स्पर्धेनंतर बऱ्याच गोष्टी पूर्ववत झाल्या, पण सहा महिन्यांनीही ताकद पूर्ण परतली नव्हती. हा एकच माणूस, आणि त्याने सगळं नीट केलं होतं. स्त्री-स्पर्धकांत इतक्या कमी खाण्याने मासिक पाळी थांबू शकते, आणि ती थांबलेली राहिली तर हाडांवर परिणाम होतो. मासिक पाळी थांबणं म्हणजे मेहनत फळाला आली, असं सांगणारा प्रशिक्षक तात्काळ सोडावा.

शेवटच्या आठवड्यात पाणी तोडणं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणं हा प्रकार तर जिवावरचा आहे. मोहम्मद बेनाझिझा हा जागतिक दर्जाचा व्यावसायिक स्पर्धक 1992 मध्ये एका स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. आणि इंजेक्शनं. स्टेजची वाट धरली की ती कुणीतरी सुचवणारच, हे गृहीत धरा. बाहेरून घेतलेलं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉन-निर्मिती बंद पाडतं, शुक्राणू घटतात आणि बंद केल्यावरही ते परतायला अनेक महिने लागू शकतात. हृदयाचा स्नायू जाड होतो, कोलेस्टेरॉलचं प्रमाण बिघडतं. नुकतं लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. स्पर्धा निवडताना तिथे उत्तेजक चाचणी होते का, हे आधी विचारा.

खर्चाबद्दल एवढंच: आहार, प्रशिक्षक, प्रवेश फी, अंगाला लावायचा टॅनचा रंग, प्रवास हे सगळं मिळून जिल्हा पातळीवरच्या बक्षिसात सहसा निघत नाही. घराचा हप्ता चालू असेल तर हा पैसा बाजूला काढून मगच सुरुवात करा.

मग कुणी काय निवडावं

घाई हे कारण धरू नका. पंचविशीत स्टेज गाठली नाही तर संपलं, हा समज खोटा आहे. कमी उंचीच्या गटात 1952 चा मिस्टर युनिव्हर्स ठरलेले बंगाली शरीरसौष्ठवपटू मनोहर आईच हे तेव्हा चाळीस वर्षांचे होते, आणि ते 104 वर्षं जगले. आज मोठ्या वयाच्या स्पर्धकांसाठी मास्टर्स गटही असतात. मुलं लहान असताना थांबलात तरी स्टेज पळून जात नाही.

बहुतेकांना मी वर्षभराची वाटच सुचवेन. तिच्यातही मोठी निष्ठा लागते. टाळ्या नसताना दहा वर्षं स्क्वॉट मारणं सोपं नाही. आपल्या भागाला ही परंपरा जुनी आहे. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर यांनी वणीच्या सप्तशृंगीवर उपासना केली, अशी कथा सांगतात. नाशिकच्या जुन्या व्यायामशाळांत जोर-बैठका मारणारी माणसं नोकरी-धंदा करूनच यायची.

पण स्टेजची ओढ खरी असेल, वर्षानुवर्षं जात नसेल, तर ती दाबूही नका. एकदा उतरा, मात्र सुरुवात आणि शेवट ठरवून. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वेलीकडून बारा महिने घड मागत नाही. तसंच स्पर्धेचं एक पीक घ्यायचं आणि मग शरीराला मोकळं सोडायचं. दिवाळीची भाऊबीज झाल्यावर तयारी सुरू केली तर फेब्रुवारी-मार्चच्या स्पर्धेसाठी पंधरा-सोळा आठवडे मिळतात. दिवाळी घरच्यांची राहते, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी मारायला तुम्ही मोकळे असता. मधली संक्रांत आणि हुरडा पार्टी मात्र जाणार, हे आधीच घरी सांगून ठेवा. पोलिस, महापालिका, एसटी किंवा सरकारी दवाखान्यात नोकरी असेल, तर 2027 च्या सिंहस्थाचं वर्ष तयारीसाठी धरू नका. तेव्हा ड्यूटी कशी लागेल यावर तुमचा ताबा नसेल.

तिसऱ्या अवस्थेत असलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. आरशात कितीही वेळा पाहिलं तरी आपण किरकोळच वाटतो का? एक दिवस चुकला तर दिवसभर जीव तळमळतो का? नातेवाइकांकडे जाणं त्यापायी सुटलं आहे का? हॅरिसन पोप आदी मानसोपचारतज्ज्ञांनी 1990 च्या दशकात या लक्षणांचं, म्हणजे 'मसल डिसमॉर्फिया'चं वर्णन केलं, आणि आज ती मान्यताप्राप्त मानसिक आजारांच्या यादीत शरीर-प्रतिमेच्या विकाराचा प्रकार म्हणून नोंदली जाते. तिच्यावर उपचार आहेत. अशा माणसाने स्टेजवर मुळीच जाऊ नये, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

निर्णय घेताना जोडीदाराला परवानगी मागू नका, कॅलेंडर घेऊन शेजारी बसा. येत्या सहा महिन्यांत कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, हे सगळं त्यावर आधी लिहा. त्यात सोळा सलग आठवडे मोकळे सापडले तर तारीख ठरवा, आणि स्पर्धेनंतरच्या पहिल्या महिन्यात काय खाणार, किती दिवस व्यायाम करणार, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवा. उपासमारीनंतर सुटलेलं खाणं आवरणं तयारीपेक्षा कठीण जातं. सापडले नाहीत तर यंदा आठवड्याचे चार दिवस धरा आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा बसा.