एक्सबॉक्स आणि अलेक्सा: वर्षभर वापरल्यानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमध्ये एक्सबॉक्स वन एस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, आहे आणि शेजारच्या फळीवर इको डॉट, म्हणजे ॲमेझॉनचा छोटा स्पीकर; त्यातली अलेक्सा बोललेलं ऐकून कामं करते. दोघांची गाठ घालून दिली त्याला वर्ष होत आलं. येणारे-जाणारे हमखास विचारतात, "म्हणजे बोलून गेम खेळता?" छे. खेळायला कंट्रोलर लागतोच. बोलून होतात ती खेळाच्या आगेमागे असलेली कामं: कन्सोल चालू-बंद करणं, गेम उघडणं, आवाज कमी-जास्त करणं, खेळाची क्लिप म्हणजे छोटा व्हिडिओ साठवणं.

जोडणीला फार वेळ लागत नाही. फोनवर अलेक्सा ॲपमध्ये एक्सबॉक्सचं स्किल (अलेक्साला जास्तीचं काम शिकवणारी सोय) घ्यायचं, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करायचं आणि कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल असिस्टंट सुरू करायचे. पण कन्सोल पूर्ण बंद असेल तर कितीही हाका मारा, तो उठणार नाही. त्याला स्लीप मोडवर ठेवावं लागतं आणि त्यात 10 ते 15 वॉट वीज जात राहते; शटडाउनमध्ये जेमतेम अर्धा वॉट. दिवसाचे वीस तास कन्सोल झोपलेला धरला तर महिन्याला सात-आठ युनिट नुसत्या ऐकण्यापायी गेले. मला ते परवडतं, पण सौदा काय आहे ते आधी कळलेलं बरं.

टीव्हीचं वेगळंच. वन एसमध्ये रिमोटसारखा इन्फ्रारेड सोडणारा दिवा आहे, तो टीव्हीला चालू करतो आणि आवाजही वाढवतो. आमचा कन्सोल टीव्हीखालच्या कपाटात होता. दार लावलं की कन्सोल चालू, टीव्ही ढिम्म. कन्सोल कपाटावर काढून ठेवला, प्रश्न मिटला.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते "अलेक्सा, रेकॉर्ड दॅट". वन एसच्या कंट्रोलरला क्लिप साठवायचं वेगळं शेअर बटण नाही. क्लिप हवी तर मधलं एक्सबॉक्सचं बटण दाबून मग एक्स. तेवढ्यात समोर मेनू आणि खेळातली गाडी कठड्यात. तेच तोंडानं सांगितलं की बोटं जिथल्या तिथे राहतात आणि मागचे 30 सेकंद साठवले जातात. नवीन एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस असेल तर कंट्रोलरवर शेअर बटण आहेच, मग याची मातब्बरी उरत नाही.

बोलून कन्सोल चालवणं तसं जुनंच. 2013 साली एक्सबॉक्स वन आला तो किनेक्टसकट (हालचाल आणि आवाज ओळखणारा कॅमेरा-माइक), 499 डॉलरला. पुढच्याच वर्षी अभिनेता आरोन पॉलच्या एक्सबॉक्सच्या जाहिरातीतलं "एक्सबॉक्स ऑन" ऐकून लोकांच्या घरातले कन्सोल आपोआप सुरू झाले होते! त्याच वर्षी जूनमध्ये किनेक्टशिवायचा 399 डॉलरचा संच बाजारात आला. अलेक्साची सोय 2018 ची.

आमच्या घरी मात्र ही सोय खरी कोणी वसूल केली असेल तर आईनं. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. पहिले काही दिवस "अगं अलेक्सा, तो खेळ बंद कर बाई" असं मराठीतून समजावून झालं. मग नातवाचंच ऐकून ऐकून "टर्न ऑफ एक्सबॉक्स" पाठ केलं. पोळ्या लाटता लाटता, पिठाचे हात तसेच ठेवून, स्वयंपाकघरातून एक हाक आणि ऐन मॅचमध्ये पडदा काळा. "आजी, यार!" "यार काय? पान वाढलंय, ये."

चिरंजीवांनी यावर तोड काढली. गेम सुरू करायच्या आधी इकोचं माइक बंद करायचं बटण दाबून ठेवतो, लाल दिवा लागतो. मग क्लिपही गेली म्हणा.

घरात इको आधीच असेल तर जरूर जोडा. एवढ्यासाठी नवीन स्पीकर मात्र घेऊ नका.