मोठं मूल दत्तक घ्यायचं असेल तर: सरकारी दत्तक सेवेचा आमचा अनुभव

पाच-सहा वर्षांच्या पुढचं मूल घरी आणायची तुमची तयारी असेल, तर 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, केअरिंग्ज पोर्टलवर निर्धास्तपणे नोंदणी करा. सगळं काम तिथूनच होतं. एजंट शोधू नका, दवाखान्यातल्या ओळखीने 'कुठे बाळ मिळतंय का' असं विचारत फिरू नका. अशा वाटेने मूल घेणं कायद्याने गुन्हा आहे आणि उद्या त्याचा फटका त्या लेकरालाच बसतो. आम्ही रीतसर मार्गाने गेलो. लेक घरात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लेक आमच्याकडे आली तेव्हा तिला आठवं लागलं होतं.

आधी वयाचा हिशेब सांगते, कारण बहुतेक जण तिथेच अडखळतात. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज बघतात. 2022 च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर बेरीज 85 पर्यंत हवी, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि आठच्या पुढे 110. एकटी बाई असेल तर हेच आकडे 40, 45, 50 आणि 55. एकट्या पुरुषालाही हेच लागू, फक्त त्याला मुलगी मिळत नाही. मूल आणि आई-बाप यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर हवं. आमची बेरीज 96 होती. म्हणजे पाळण्यातलं बाळ आमच्या वाट्याला येणारच नव्हतं. शेजारच्या काकूंनी हळहळ केली, 'अगं, मोठं पोर आपलं होत नाही.' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी त्यावर उत्तर देणं सोडून दिलं.

फॉर्म स्वतः भरता येतो. पॅन, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. यात अवघड काही नाही. अवघड आहे तो पसंतीचा भाग: मुलगा की मुलगी, कुठलं राज्य, वय किती, तब्येतीची काही अडचण असलेलं मूल चालेल का. घरी चहा पिताना मिनिटभरात भरून टाकाल असे हे रकाने, पण कुठल्या पोराला घर मिळणार आणि कुणाला नाही ते इथेच ठरतं. बहुतेक जोडप्यांना दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ हवं असतं. म्हणून त्या रांगेत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आणि त्याच वेळी सात, नऊ, बारा वर्षांची मुलं, दोघं-तिघं भावंडं, ऐकू न येणारी किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेली मुलं पोर्टलवर असतात आणि त्यांच्यासाठी कुणी खूण केलेली नसते. भावंडांची ताटातूट करत नाहीत, हे योग्यच आहे. पण मग दोन्ही लेकरांना एकदम घेणारं घर लागतं, आणि अशी घरं थोडी.

'देशात एवढी अनाथ मुलं, मग लोकांना थांबावं का लागतं?' हा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर कागदात आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2022 च्या अहवालात आकडे दिले होते. डिसेंबर 2021 मध्ये रांगेत 27,939 पालक होते. संस्थांमध्ये दत्तक देता येतील अशी 6,996 मुलं होती, आणि त्यातली 'लिगली फ्री', म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळी, म्हणून जाहीर झालेली फक्त 2,430. म्हणजे उरलेली साडेचार हजारांहून जास्त मुलं संस्थेत राहत होती, पण दत्तकासाठी ती जणू नव्हतीच. ही मोकळीक जिल्ह्याची बालकल्याण समिती देते, तिचा आदेश झाल्याशिवाय मूल पोर्टलवर येऊ शकत नाही. कायद्यात मुदती आहेत: सापडलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने. आईने स्वतः मूल स्वाधीन केलं असेल तर तिला फेरविचाराला दोन महिने देतात. हा वेळ द्यायलाच हवा, त्यात मला काही खटकत नाही. ज्या आईचं मन बदलू शकतं तिच्याकडून घाईने लेकरू काढून घेणं वाईटच.

खटकतं ते दुसरंच. पुष्कळ मुलं दत्तक संस्थेत नसतात, साध्या बालगृहात असतात. कुणीतरी मामा, कुणीतरी आजी त्यांना तिथे ठेवून गेलेली असते. सुरुवातीला वर्षातून एकदा-दोनदा कुणी येतं, मग येणं बंद होतं. भेटीच्या रजिस्टरमध्ये जुनी सही असते, तेवढ्यावर 'नातेवाईक आहेत' असं धरून फाईल पडून राहते. बालगृहाने जवळच्या दत्तक संस्थेशी जोडून घ्यायचं आणि अशी मुलं समितीपुढे आणायची, असं बाल न्याय कायद्यातच आहे. तरी ते आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यांना सांगावं लागलं की दर दोन महिन्यांनी मोहीम काढा आणि संस्थांमधली अशी मुलं शोधून त्यांची नोंद करा. आता भेटायला कुणीच येत नाही अशी मुलं आणि ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ आहेत अशी मुलंही या शोधात धरतात. हा बदल खरोखर चांगला आहे.

आमच्या लेकीचं हेच झालं. विदर्भातल्या एका बालगृहात ती लहानपणापासून होती. एक चुलता यायचा, तो यायचा थांबला, आणि पुढे एका कार्यालयात तिचे कागद नुसते पडून राहिले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथे नव्या मॅडम आल्या, त्यांनी जुन्या फायली काढल्या, तेव्हा कुठे चक्र फिरलं. समितीचा आदेश होईपर्यंत पोरीने सहा वर्षं ओलांडली होती. तीन वर्षांची असताना कागद झाले असते तर तिच्यासाठी रांग लागली असती. मोठ्या झालेल्या कितीतरी मुलांची गोष्ट अशीच आहे. त्यांना कुणी नाकारलेलं नसतं. ती लहान होती तेव्हा त्यांना कुणी बघूच शकलं नाही, आणि दिसायला लागली तेव्हा त्यांचं वय फॉर्ममध्ये निवडणारं कुणी उरलं नाही.

आता सेवेतल्या माणसांबद्दल, कारण त्यांचं कौतुक मनापासून करायचं आहे. होम स्टडीला, म्हणजे घराची आणि घरच्यांची पाहणी करायला, आलेल्या ताई दीड-दोन तास बसल्या. मला वाटलं होतं घर बघतील, पगार विचारतील. त्यांनी सासूबाईंना वेगळं बसवून विचारलं, 'नात रात्री उठून रडली तर तुम्ही काय कराल?' सासूबाई म्हणाल्या, 'जवळ घेईन, अजून काय करायचं?' ते त्यांनी लिहून घेतलं. ह्यांना विचारलं, पोरगी तुम्हाला सहा महिने बाबा म्हणाली नाही तर? हे गप्प झाले, मग म्हणाले, 'काका म्हणू दे की.' असे प्रश्न विचारणारा माणूस भेटणं हे मोठ्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंनी हे नाही विचारलं, तर तुम्हीच विषय काढा.

वय चार ते आठ निवडल्यामुळे आमचा नंबर फार लवकर लागला. आमच्या ओळखीतलं एक जोडपं बाळासाठी आमच्याआधीपासून थांबलंय, ते अजून थांबलेलंच आहे. रेफरल आला, म्हणजे पोर्टलवर तुम्हाला मूल सुचवलं गेलं, की 48 तासांत मूल रिझर्व्ह करायचं असतं. फोटो, अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो. वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरला दाखवाच, संकोच करू नका. मग संस्थेने व्हिडिओ कॉल लावून दिला. आम्ही दोघं पाठ केल्यासारखं काहीतरी बोलत होतो. तिने मधेच विचारलं, 'तुमच्या घरी कुत्रं हाये का?' आमच्याकडे मांजर आहे म्हटल्यावर म्हणाली, 'मले मांजर बी चालते.' पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते, कागदावरही आणि खरीही. आमच्या लेकीची मला वाटतं त्या मांजरावर मिळाली.

त्यानंतर मूल लगेच कायद्याने तुमचं होत नाही. दत्तकपूर्व संगोपन म्हणून ते तुमच्याकडे येतं, आणि अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. पूर्वी कोर्टात जावं लागायचं, सप्टेंबर 2022 पासून ते थांबलं. त्यामुळे हा टप्पा सुटसुटीत झालाय. आदेशानंतर आई-बापाच्या नावासह जन्मदाखला मिळतो आणि पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेचं कुणीतरी येऊन बघून जातं.

संस्थेतून निघताना तिथल्या ताईंनी एक दोनशेपानी वही हातात दिली. तिच्या लहानपणचे फोटो, अंगणवाडीतली रेघोट्यांची चित्रं, आणि एका पानावर सेलोटेपने चिकटवलेली कागदाची पुडी. आत तिचा पहिला पडलेला दात. खाली लिहिलेलं, 'पुढचा, खालचा. रडली नाही.' मोठ्या मुलाला मागचं आयुष्य असतं, ते कुणीतरी जपून ठेवायला लागतं. तुमच्या संस्थेकडे अशी वही नसेल तर फोटो मागून घ्या, तिथल्या मैत्रिणींची नावं लिहून घ्या. नंतर मूल विचारतं.

सेवेत कमी पडतं ते आदल्या तयारीत आणि नंतरच्या आधारात. 2017 ते 2019 या काळात देशातल्या कुटुंबांनी घेतलेल्या 6,650 मुलांपैकी 278 मुलं परत पाठवली गेली. त्यात मोठी मुलं बरीच. परत गेलेल्या मुलाला पुन्हा घर मिळणं किती कठीण, ते सांगायला नको. लोक वाईट असतात असं नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पहिले काही महिने मूल अतिशय गुणी वागतं आणि मग एकदम उसळतं. आमच्या लेकीने उशीखाली चपात्या लपवल्या, खोटं बोलली, शाळेतून आल्यावर दप्तर फेकून 'मले तिकडंच पाठवा' म्हणाली. मी शिक्षिका असूनही हादरले. संस्थेच्या ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, 'उसळतेय म्हणजे तिला आता भीती वाटत नाहीये.' स्वयंपाकघरात तिच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवला, तो कायम भरलेला. चपात्या आपोआप बंद झाल्या. हा सल्ला फोन करून मागावा लागला. माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या मुलाच्या पालकांना नोंदणीच्या वेळीच दोन दिवसांचं सक्तीचं प्रशिक्षण द्यावं, आणि पहिलं वर्षभर जिल्ह्यात एक समुपदेशक त्यांच्यासाठी असावा.

ज्यांना दत्तकाचं पाऊल एकदम टाकायचं नाही, त्यांच्यासाठी आता दुसरी वाट आहे. 2024 च्या संगोपनाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेतलं सहा वर्षांवरचं मूल आधी संगोपनासाठी घरी नेता येतं, 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही, आणि दोन वर्षं नीट गेली तर त्याच मुलाला दत्तक घेता येतं. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. आपल्याकडे बालसंगोपन म्हटलं की लोकांना महिना 2,250 रुपयांची योजनाच आठवते. ती चांगली आहे, पण ती बहुतेक आपल्याच नातेवाइकांकडे किंवा एका पालकाकडे असलेल्या मुलांना मिळते. संस्थेतल्या मुलाला परक्या घरात जागा मिळणं ही वेगळी गोष्ट, आणि ते आपल्या राज्यात फार कमी होतं.

2024-25 मध्ये देशातली 4,515 मुलं दत्तक गेली, तोवरच्या बऱ्याच वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा. यात मोठ्या मुलांचा वाटा वाढायचा असेल तर नोंदणी करणाऱ्यांनीच वयाची अट सैल करायला हवी. घरात आधीच दोन मुलं असतील तर बाळ मिळणार नाही, पण विशेष गरजा असलेल्या किंवा बराच काळ घर न मिळालेल्या मुलासाठी तुमचा विचार होतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

शेवटी व्यवहाराचं. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर आधी तो दाखला काढा, आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. होम स्टडी अहवाल तीन वर्षं चालतो. प्रवासाचे आणि संस्थेच्या गावी दोन-तीन दिवस राहण्याचे पैसे बाजूला ठेवा. शाळेत आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या, जन्मदाखला हातात यायच्या आत वर्गात बसवायची वेळ येते. आणि सासू-सासरे, दीर-जाऊ या सगळ्यांना होम स्टडीच्या दिवशी घरी हजर ठेवा.